सेनगावची करनोंद : शेतवार पत्रकापासून संगणकापर्यंत

हिंगोली जिल्ह्याच्या उत्तर भागात, वऱ्हाडातील रिसोडच्या सीमेला लागून असलेल्या सेनगाव तालुक्यात कराचा इतिहास हा मुख्यतः जमीन महसुलाचा इतिहास आहे, कारण शेतीचे उत्पन्न आयकरातून वगळलेले असल्याने येथील बहुसंख्य कुटुंबांचा सरकारी कराशी आलेला सर्वांत जुना आणि सलग संबंध शेतसाऱ्याच्याच नोंदीतून आला. ही नोंद म्हणजे जमिनीचा क्रमांक, तिचे क्षेत्र, तिच्यावर बसवलेला आकार (म्हणजे सरकारला द्यावयाच्या साऱ्याची रक्कम) आणि तो भरण्यास जबाबदार असलेल्या खातेदाराचे नाव. एवढ्या चार गोष्टी गेल्या सुमारे दीडशे वर्षांत एका लिपीतून दुसऱ्या लिपीत, एका नाण्यातून दुसऱ्या नाण्यात, एका मापातून दुसऱ्या मापात आणि अखेर कागदावरून संगणकात गेल्या. या प्रत्येक स्थलांतराच्या वेळी नोंद अचूक राहिली की बिघडली, हे लिहिणाऱ्याच्या हातातील साधनावर फारसे अवलंबून नव्हते. लिहिलेले दुसऱ्या कोणी मुळाशी ताडून पाहिले की नाही, यावर ते अवलंबून होते.

जुन्या मराठी हिशेबपद्धतीत या ताडून पाहण्याला रुजवात म्हणत. मूळ कागद एकाने वाचायचा, नक्कल दुसऱ्याने पाहायची आणि जुळलेल्या रकमेवर खूण करायची, असा तो रिवाज होता. हुंडीत रकमेबरोबर तिची निमपट, म्हणजे ‘निमे’ इतके रुपये, लिहिण्याची आणि रक्कम अक्षरी नोंदवण्याची चाल याच काळजीतून आली, कारण एक आकडा बदलला तरी दुसऱ्याशी तो जुळत नाही आणि फेरफार उघडा पडतो. फारसी वळणाच्या दफ्तरांत सियाक नावाची अंकलेखनाची रीत होती, जिच्यात संख्या साध्या अंकांनी न लिहिता अरबी संख्यावाचक शब्दांच्या संक्षिप्त आकृत्यांनी लिहीत, आणि त्यामुळे एखादे शून्य वाढवून रक्कम दहापट करणे सोपे राहत नसे. आजच्या संगणकप्रणालीत बेरीज न जुळल्यास नोंद अडवून धरणारी जी तपासणी असते, तिचे मूळ तत्त्व या जुन्या रिवाजांत पुरते उतरलेले दिसते.

चुकीच्या नोंदींमुळे संपूर्ण करव्यवस्था कशी कोसळते, याचा धडा पश्चिम महाराष्ट्राने आधीच घेतला होता. पुणे भागात 1820 च्या दशकाच्या अखेरीस प्रिंगल या अधिकाऱ्याने प्रत्येक शेताचे निव्वळ उत्पन्न काढून त्यावर सारा ठरवण्याचा प्रयत्न केला. पण खालून आलेली मोजमापे आणि उत्पन्नाचे आकडे इतके अविश्वसनीय निघाले की ती आकारणी मोडीत काढावी लागली. त्यानंतर गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी 1835 पासून इंदापूर तालुक्यात नवी पद्धत उभी केली. तिच्यात प्रत्येक शेताला स्वतंत्र सर्व्हे क्रमांक, मातीची खोली व दोष पाहून आण्यांत ठरवलेली प्रत आणि कनिष्ठ मोजणीदारांच्या कामातील काही भागाची वरिष्ठांकडून पुन्हा मोजणी, अशी व्यवस्था होती. यांपैकी शेवटची गोष्ट सर्वांत महत्त्वाची मानावी लागेल. मातीची प्रतवारी कितीही शास्त्रीय असली तरी फेरमोजणीच्या धाकाशिवाय तिचे आकडे प्रिंगलच्या आकड्यांइतकेच पोकळ राहिले असते.

सेनगावचा परिसर तेव्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. सालारजंग पहिले 1853 मध्ये दिवाण झाले आणि त्यांनी महसुलाचा मक्ता देण्याची जुनी पद्धत मोडून पगारी अधिकाऱ्यांची जिल्हाव्यवस्था उभारली. पुढे मराठवाड्यातील मोजणी मुंबई इलाख्याच्या धर्तीवर झाली. त्या मोजणीतून शेतवार पत्रक, म्हणजे शेतागणिक क्षेत्र व आकार दाखवणारे मूळ पत्रक, तयार झाले. गावपातळीवर हिशेब ठेवण्याचे काम पटवाऱ्याकडे, तर वसुलीची जबाबदारी माली पाटलाकडे असे. वरच्या कचेऱ्यांची भाषा मात्र आधी फारसी आणि 1880 च्या दशकापासून उर्दू होती. गावात मराठी बोलणाऱ्या शेतकऱ्याचे नाव कचेरीत उर्दूत उतरले की अडचण निर्माण होई, कारण त्या लिपीत ऱ्हस्व स्वर बहुधा लिहिले जात नाहीत, ‘ण’ आणि ‘ळ’ यांना वेगळी अक्षरे नाहीत आणि ऱ्हस्व उ लिहिला गेलाच तर त्यासाठी ऊ, ओ, औ यांना सामाईक असलेले एकच अक्षर येते. ‘मुळे’ हे आडनाव अशा कागदावरून परत मराठीत आणताना ‘मुले’ किंवा ‘मोले’ असेही वाचता येते, आणि घाईच्या हस्ताक्षरात नुक्ते, म्हणजे अक्षरांचे ठिपके, गळले असले तर वाचन आणखी अनिश्चित होते. यात लिहिणाऱ्याचा दोष नव्हता. त्याला हवे ते चिन्ह लिपीतच नव्हते. गावच्या शेतमालकांना ओळखणारा पटवारी शेजारी बसून वाचून दाखवत असेल तोवर नाव बरोबर राहत असे.

कालगणनेचीही तीच गोष्ट. हैदराबादचे महसुली वर्ष फसली सनाचे होते आणि ते ऑक्टोबरच्या प्रारंभी सुरू होई. त्यामुळे फसली सनात वर्षाच्या पहिल्या तीन महिन्यांसाठी 590 आणि जानेवारीपासून पुढे 591 मिळवल्यावर इसवी सन निघतो. हैदराबादचा जमीन महसूल कायदा 1317 फसलीचा, म्हणजे 1907 च्या सुमाराचा आहे. सरसकट 590 मिळवणाऱ्या नकलकाराच्या हातून वारसाची किंवा खरेदीची नोंद एक वर्ष मागे जाते, आणि ज्या वादात कोणाचा हक्क आधीचा एवढाच प्रश्न असतो तेथे एक वर्ष पुरेसे ठरते.

सप्टेंबर 1948 मध्ये संस्थान भारतात सामील झाल्यानंतरचे दशक हा या इतिहासातील सर्वांत दाट भाग होय. 1949 मध्ये जहागिरी रद्द झाल्या, 1950 मध्ये कूळकायदा आला आणि 1954-55 मध्ये खासरा पाहणी झाली. खासरा म्हणजे शेतागणिक नोंदीचे पुस्तक आणि पाहणी म्हणजे प्रत्यक्ष शेतावर जाऊन केलेली तपासणी. या पत्रकात पट्टेदार कोण, प्रत्यक्ष कसणारा कोण आणि त्याचा हक्क कोणत्या प्रकारचा, हे लिहिले गेले. कूळकायद्यामुळे कसणाऱ्याच्या रकान्यातील एक नाव जमिनीची मालकी ठरवू शकत होते. म्हणूनच मराठवाड्यातील जमिनीच्या दाव्यांत आजही हे पत्रक पाया म्हणून काढले जाते, आणि 2023 मध्ये निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या समितीने निजामकाळातील कुणबी नोंदी शोधल्या तेव्हा खासरा व पाहणी पत्रकांची, त्यांतील उर्दू आणि मोडी कागदांसह, पुन्हा बारकाईने वाचणी झाली. सारा वसूल करण्यासाठी केलेली नोंद सत्तर वर्षांनी जातीचा पुरावा म्हणून वाचली जाईल, हे ती लिहिणाऱ्याला ठाऊक असणे शक्य नव्हते. त्यामुळे त्याने त्या वेळी काय काळजीने लिहिले आणि काय सोडून दिले, याचे परिणाम त्याच्या कल्पनेपलीकडे गेले.

याच काळात आकडेही बदलले. संस्थानचे नाणे हाली सिक्का होते आणि सात हाली रुपये म्हणजे सहा कलदार, अर्थात भारत सरकारचे रुपये, असा दर होता. रिसोडच्या बाजारात कलदार आणि अलीकडे हाली, असा दुहेरी हिशेब या सीमेवरच्या शेतकऱ्याला परिचित होता. पण दफ्तरातला प्रत्येक आकार कलदारात आणणे ही वेगळी बाब होती. उदाहरणादाखल, 3 रुपये 5 आणे 4 पै हाली इतका आकार कलदारात सुमारे 2 रुपये 13 आणे साडेआठ पै होतो. 1 एप्रिल 1957 पासून दशमान नाणे आले आणि 16 आण्यांच्या रुपयाचे 100 नवे पैसे झाले, तेव्हा तीच रक्कम 2 रुपये 86 पैसे अशी लिहावी लागली. पुढे एकर-गुंठ्यांच्या जागी हेक्टर-आर आले. 40 गुंठ्यांचा एकर म्हणजे 40.47 आर असल्याने 5 एकर 20 गुंठे क्षेत्राचे 2 हेक्टर 22.6 आर होतात. अशा प्रत्येक रूपांतरात उरणारा अपूर्णांक कोणी वर ढकलला, कोणी खाली सोडला, आणि एका सर्व्हे क्रमांकाचे भावांत चार हिस्से झालेले असतील तर हिस्स्यांची बेरीज मूळ क्षेत्राशी जुळेनाशी झाली. सेनगावसारख्या तालुक्यांतील कित्येक तंट्यांमध्ये बांध सरकलेलाच नसतो. कागदावरचा दशांश सरकलेला असतो.

महाराष्ट्र जमीन महसूल संहिता 1966 मध्ये झाली आणि 15 ऑगस्ट 1967 पासून लागू झाली. तिने नोंदीची रचना एकसारखी केली: गाव नमुना 7 मध्ये अधिकार, 12 मध्ये पिके, 6 मध्ये फेरफार आणि 8-अ मध्ये एका खातेदाराच्या सर्व जमिनींचा गोषवारा. कलम 150 प्रमाणे तलाठ्याने फेरफार लिहायचा, संबंधितांना नोटीस द्यायची, चावडीवर प्रत लावायची, हरकत आल्यास ती वेगळ्या नोंदवहीत घ्यायची आणि त्यानंतर दुसऱ्या अधिकाऱ्याने नोंद प्रमाणित करायची. लिहिणारा व मंजूर करणारा वेगळा ठेवणे ही रुजवातच कायद्यात आणलेली आहे. ती किती आवश्यक होती हे कलम 157 वरून कळते, कारण विरुद्ध सिद्ध होईपर्यंत हक्कनोंद खरी मानावी, असे ते कलम सांगते. लेखनप्रमाद दुरुस्त करण्यासाठी कलम 155 आहे, पण तोवर चुकीच्या नोंदीचा भार ज्याचे नाव वगळले गेले त्याच्याच डोक्यावर राहतो.

भूमी अभिलेखांच्या संगणकीकरणाची केंद्रीय योजना 1988-89 मध्ये देशातील मोजक्या जिल्ह्यांत सुरू झाली, त्यांत महाराष्ट्रातील वर्धा होता. 1 मे 1999 रोजी परभणीतून हिंगोली जिल्हा वेगळा झाला, तोवर सेनगाव भागाचे दफ्तर कागदीच होते. पुढे हस्तलिखित सातबारे संगणकात भरले गेले, तेव्हा जुन्या अडचणी नव्या रूपात परतल्या. हस्तलिखितातील पुसट सात एक म्हणून उतरला, एकाच माणसाची दोन खाती झाली, सामाईक खातेदारांपैकी एखादे नाव सुटले, आणि जुन्या फाँटमधील मजकूर युनिकोडमध्ये आणताना जोडाक्षरे तुटली. कागदावर चूक असली तर शेजारच्या नोंदीवरून किंवा समासातील शेऱ्यावरून जुना तलाठी ती ओळखू शकत असे. संगणकाच्या रकान्यात समास नसतो, आणि चुकीचा आकडाही बरोबर आकड्याइतकाच नीटस दिसतो.

यावर राज्याने योजलेला उपाय इतिहासाच्या दृष्टीने लक्षणीय आहे. ई-फेरफार प्रणालीत क्षेत्राची बेरीज आणि सातबारा व 8-अ यांतील विसंगती दाखवणारे अहवाल आले, हस्तलिखिताशी ताडून दुरुस्ती करण्यासाठी स्वतंत्र सुविधा दिली गेली, तलाठ्याने सर्व आणि वरिष्ठांनी उतरत्या प्रमाणात सातबारे तपासून घोषणापत्रे द्यावीत असे ठरले, आणि 2017 मध्ये गावोगाव संगणकीकृत सातबाऱ्यांचे चावडी वाचन झाले. यंत्राने बेरीज तपासली. पण ‘मुळे’ की ‘मुले’ हे सांगायला गावच लागले. चावडीवर मोठ्याने वाचण्याची ही रीत संगणकाहून कितीतरी जुनी आहे आणि तिच्याविना झालेली कोणतीही विदाभरणी पुरी मानू नये, असेच या तालुक्याच्या दीडशे वर्षांच्या दफ्तराकडे पाहता म्हणावे लागते. 1 मे 2018 पासून डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा मिळू लागला, तो या दुरुस्तीनंतरच.

15 ऑगस्ट 2021 पासून ई-पीक पाहणी आली आणि नमुना 12 मधील पिकाची नोंद शेतकरी स्वतः मोबाइलवर, शेतातील छायाचित्रासह करू लागला. लिहिणारा आणि ज्याच्याविषयी लिहायचे तो, हे दोघे या कामात प्रथमच एक झाले. पुढे स्वतः केलेली नोंद दुरुस्त करण्यासाठी त्याला 48 तासांची मुदत देण्यात आली आणि एकूण नोंदींपैकी 10 टक्के नोंदींची तपासणी तलाठ्याने करावी असे ठरले. इंदापुरातील फेरमोजणीचे तत्त्व असे टिकून आहे. पीकविम्याची भरपाई किंवा हमीभावाची खरेदी यांसाठी हीच नोंद पाहिली जात असल्याने, सोयाबीन आणि तुरीचे क्षेत्र भरताना झालेल्या चुकीची झळ आता साऱ्यापेक्षा कितीतरी मोठ्या रकमेला लागते.