श्रीलंका रेल्वेची इंजिने व गाड्या

श्रीलंकेतील सरकारी मालकीच्या लोहमार्गांवर धावणारी इंजिने, डबे व प्रवासी गाड्या. सिंहलीत आगगाडीला ‘दुम्रिय’ म्हणजे धूरगाडी म्हणतात. जुन्या लोकांच्या तोंडी वाफेच्या इंजिनाचे नाव ‘यकड यका’, म्हणजे लोखंडी यक्ष, असे होते. मार्गांची लांबी सुमारे १,५०० किमी. असून रुळांतील अंतर भारतीय ब्रॉडगेजइतकेच, १,६७६ मिमी. आहे. विद्युतीकरण झालेले नसल्याने सर्व वाहतूक डिझेलवर चालते.

वाफेचा काळ : कोलंबो ते अंबेपुस्स हा ५४ किमी.चा पहिला मार्ग १८६४ मध्ये सुरू झाला. १८६७ मध्ये रूळ कँडीला आणि १९२४ मध्ये बदुल्लाला पोहोचले. कॉफी व पुढे चहा मळ्यांतून बंदरापर्यंत आणणे, हे डोंगरात रूळ नेण्याचे मुख्य कारण होते. या मार्गावर साधारण ४४ फुटांना एक फूट असा चढ आणि अतिशय तीव्र वळणे आहेत. पट्टिपोला हे सर्वांत उंच स्थानक समुद्रसपाटीपासून सुमारे १,९०० मी. उंचीवर आहे. देमोदर येथे मार्ग डोंगराला वळसा घालतो आणि स्थानकाच्याच खालून बोगद्यातून पुढे जातो. कोणते इंजिन कुठे चालवायचे, हे येथे आजही घाटच ठरवतो. वाफेच्या काळात या चढावर गॅरट जातीची जोडइंजिने वापरली गेली.

डिझेल इंजिने : १९५० च्या दशकात डिझेल-विद्युत इंजिने आली. या बदलाचे श्रेय मुख्यतः बी. डी. रामपाल यांना जाते. मुख्य यांत्रिक अभियंतापदी पोहोचलेले ते पहिले श्रीलंकन. पुढे ते रेल्वेचे महाव्यवस्थापक झाले. कोलंबो योजनेखाली कॅनडाने १९५४ पासून ‘एम-२’ वर्गाची इंजिने दिली. आल्बर्टा, ऑन्टॅरिओ, मॅनिटोबा अशी कॅनडाच्या प्रांतांची नावे त्यांच्या अंगावर आहेत. सुमारे १,४०० अश्वशक्तीच्या या इंजिनांनी अर्धशतकाहून अधिक काळ सेवा दिली. त्यानंतर कॅनडाची एम-४, जपानची एम-५, घाटासाठी घेतलेली जर्मन एम-६, ब्रिटिश एम-७ आणि फ्रेंच एम-९ ही इंजिने आली. एम-८, एम-१० व एम-११ ही वाराणसीच्या कारखान्यात बांधलेली आहेत. भारत व चीनमधून डिझेल मल्टिपल युनिट गाड्याही घेतल्या गेल्या. इतक्या देशांच्या यंत्रांना सुटे भाग मिळवून ती चालू ठेवण्याचे अवघड काम रत्मलानाच्या कार्यशाळेतील कारागीर करतात. या रेल्वेचे खरे सामर्थ्य त्यांच्या हातांत आहे.

नामांकित गाड्या : गाड्यांना नावे देण्याची प्रथा रामपाल यांच्या काळात रुजली. कोलंबो–बदुल्ला ‘उडरट मेणिके’ (डोंगरदेशाची कन्या), दक्षिण किनाऱ्यावरची ‘रुहुणु कुमारी’ आणि जाफन्याकडे जाणारी ‘याळ देवी’ या सर्वांत परिचित. १९९० मध्ये यादवी युद्धामुळे जाफन्याची वाहतूक बंद पडली. भारताच्या इरकॉन कंपनीने उखडलेला मार्ग पुन्हा उभारल्यावर ऑक्टोबर २०१४ मध्ये ‘याळ देवी’ जाफन्यात परतली. स्थानकावर तिला पाहायला जमलेल्या तरुणांपैकी अनेकांनी आपल्या गावात आगगाडी कधी पाहिलीच नव्हती.

जतन : रेल्वेला १५० वर्षे झाली तेव्हा, डिसेंबर २०१४ मध्ये, कडुगन्नाव येथे राष्ट्रीय रेल्वे संग्रहालय उघडले. मात्र या रेल्वेचे सर्वांत बोलके स्मारक अजून रुळांवर आहे. २६ डिसेंबर २००४ रोजी पेरलिय येथे त्सुनामीच्या लाटांनी मात्तरकडे निघालेली गाडी उधळून टाकली. त्यात १,७०० हून अधिक माणसे गेली. रेल्वेच्या इतिहासातील ही जगातील सर्वांत भीषण दुर्घटना मानली जाते. त्या गाडीचे इंजिन, एम-२ वर्गातील ५९१ क्रमांकाचे ‘मॅनिटोबा’, दुरुस्त करून पुन्हा सेवेत आणले गेले. स्मृतिदिनी ते पेरलियला नेऊन मृतांना आदरांजली वाहिली जाते.