बीकनची कुळकथा

रहाटणी, पिंपळे सौदागर, वाकड या पट्ट्यातली तरुण मंडळी हिवाळ्यात केदारकंठा गाठतात, गुलमर्ग-औलीला स्की शिकतात. त्यातली काही पुढे आखलेली वाट सोडून मोकळ्या उतारावर उतरणार आणि तेव्हा छातीवर हिमस्खलन बीकन, म्हणजे बर्फाखालूनही संदेश सोडणारं छोटं यंत्र, बांधणार. तो बांधला की जीव सुरक्षित, अशी समजूत असते. बीकनची कुळी पाहिली तर ही समजूत टिकत नाही. त्याचा पूर्वज म्हणजे एक लाल दोरी. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बव्हेरियातले गिर्यारोहक ती कमरेला बांधून मागे सोडत. माणूस गाडला गेला तरी टोक वर राहील, एवढीच आशा. बऱ्याचदा दोरीही गाडली जाई. मग 1968 मध्ये अमेरिकेतल्या बफेलोत जॉन लॉटन यांनी ‘स्काडी’ हा बीकन घडवला. त्याची वारंवारता 2,275 हर्ट्झ, म्हणजे कानाला ऐकू येणाऱ्या टप्प्यातली, त्यामुळे संदेश इअरफोनमध्ये सरळ ऐकता येई. पल्ला मात्र तोकडा. युरोपने 457 किलोहर्ट्झ धरली. दोन्हीकडची यंत्रं एकमेकांना ऐकू शकत नसत. अखेर 457च जगभर रुळली. बीकनच्या आत फेराइटची कांडी, आपल्या जुन्या ट्रान्झिस्टरमध्ये असे तशीच. तिच्या चुंबकीय क्षेत्राच्या रेषा वाकड्या असल्याने शोधणारा गाडलेल्या माणसाकडे सरळ न जाता कमानीने जातो.

दोरी असो की बीकन, उत्तर एकाच प्रश्नाचं मिळतं: माणूस कुठे गाडला गेलाय? उतार कोसळेल का, हे त्यांना विचारूच नये. ते बर्फात खड्डा खणून थर तपासल्यावर कळतं. कडाक्याच्या थंडीत पातळ बर्फाच्या तळाशी साखरेसारखे सुटे स्फटिक तयार होतात. त्यांच्यावर नवा बर्फ साचला की 30 ते 45 अंशांचा उतार एका माणसाच्या वजनानेही सुटू शकतो. आपल्याकडे या अभ्यासासाठी 1969 मध्ये मनालीत संरक्षण खात्याची स्वतंत्र संस्था उभी राहिली, ती उगाच नव्हे.

कुणी म्हणेल, बीकनने जीव वाचलेत ना? वाचलेत. पहिल्या पंधरा मिनिटांत बाहेर काढलेल्यांपैकी सुमारे 90 टक्के जगतात, नंतर हे प्रमाण झपाट्याने घसरतं. पण पंधरा मिनिटांत पोचणारा फक्त आपला सोबती, आणि त्याच्याकडेही बीकन, प्रोब (बर्फात खुपसून माणूस शोधायची लांब काठी), फावडं हवं. खडकावर आपटलेल्याला तर कोणतंच यंत्र वाचवत नाही. सियाचीनमध्ये फेब्रुवारी 2016 मध्ये हिमस्खलनात गाडले गेलेले जवान हणमंतप्पा कोप्पड सहा दिवसांनी जिवंत सापडले, हा अपवाद. तेही पुढे वाचले नाहीत आणि त्यांचे नऊ सहकारी आधीच गेले होते. तेव्हा पैसे भरण्याआधी आयोजकाला दोनच गोष्टी विचारा: बीकन, प्रोब, फावडं प्रत्येकाकडे असणार का, आणि उतारावर जायचं की नाही हे कोण, कशावरून ठरवणार? आणि शोध सुरू असताना मोबाईल बीकनपासून किमान 50 सेंटिमीटर लांब ठेवा. त्याने संदेशात गोंधळ होतो.