म्यान उरले, फिरंग गेली

नळदुर्गच्या आमच्या जुन्या घरात एक लाकडी म्यान आहे. तलवार नाही, नुसते म्यान. दोन फळ्या कोरून एकमेकींवर चिकटवलेल्या, वरचे चामडे कधीच गळून गेलेले, टोकाला पितळेची टोपी. उंच दोरीवरचे वाळलेले कपडे उतरवायला दादी ते वापरायची. लहानपणी मी त्याला काठीच समजत होतो.

तलवार गेली ती सप्टेंबर १९४८ मध्ये. सोलापूरहून हैदराबादकडे निघालेल्या भारतीय फौजेने १३ सप्टेंबरला, म्हणजे पोलीस ॲक्शनच्या पहिल्याच दिवशी, नळदुर्गचा पूल आणि किल्ला ताब्यात घेतला. पाच दिवसांत निजामाची फौज शरण आली. पुढच्या आठवड्यांत गावोगावी जे घडले, ते पाहायला पंडित सुंदरलाल यांची समिती आली. तिने सर्वाधिक झळ बसलेल्या जिल्ह्यांत उस्मानाबादचे नाव लिहिले. आमचे पणजोबा शेती करणारे. रझाकारांशी त्यांचा संबंध नव्हता. पण मुसलमानाच्या घरात तलवार सापडली, एवढे कारण त्या दिवसांत पुरे होते. रात्री त्यांनी ती शेतातल्या विहिरीत सोडली. म्यान मात्र परत आणले, कारण लाकूड पाण्यावर तरंगले असते.

दादी तेव्हा नवी नवरी होती. त्या वर्षीपर्यंत मोहरमच्या आधी राखेने घासून, तेल लावून ती तलवार तिनेच पुसलेली. तिला विचारले की ती हाताने हवेत रेघ ओढून सांगायची, "सीधी थी, सलाख जैसी." मुठीवर बोटे झाकणारा पत्रा, मुठीच्या मागे खुंटीसारखा दांडा, पात्यावर समोरासमोर दोन दातेरी चंद्रकोरी आणि काही अक्षरे. "ना उर्दू, ना मोडी."

काही वर्षांपूर्वी हे मी एका इतिहासप्रेमी मित्राला सांगितले. तो म्हणाला, "मग ती तुमची नसणार. मुसलमानांची तलवार वाकडी, हिंदूंची सरळ." हे वाक्य आता मोबाइलवरही फिरते. मला त्याचा राग आला नाही, खरे सांगायचे तर शंका आली. कुणाची लुटलेली, गहाण ठेवलेली वस्तू आमच्याकडे राहिली होती की काय? मग संग्रहालये पालथी घालू लागलो. एका शस्त्रदालनात काचेमागे दादीने हवेत ओढलेली ती रेघ दिसली. पत्रा, खुंटी, सरळ पाते, सगळे तेच. माझ्या शेजारी उभा असलेला एक पोरगा आपल्या मित्राला सांगत होता, "हे रेपियर आहे, सिनेमात असते ते."

ते रेपियर नव्हते, पण नात्यातले होते. रेपियर ही सोळाव्या-सतराव्या शतकातल्या युरोपातली शहरी माणसाची तलवार. स्पॅनिश भाषेत तिचे नाव पडले तेच मुळी पोशाखावरून. लांब, अरुंद पाते, कापण्यापेक्षा भोसकण्यासाठी. हाताभोवती लोखंडी दांड्यांचा पिंजरा. पात्याची शेपटी मुठीतून आरपार जाते आणि शेवटच्या लोखंडी गोळ्यावर ठोकून बसवतात. घोड्यावरून वार करणाऱ्या दख्खनी स्वाराला असे नाजूक पाते फारसे कामाचे नव्हते. त्याला हवे होते लांब, सरळ, पण रुंद पाते. टोलेदो, जर्मनीतले झोलिंगेन आणि इटलीतली शहरे अशी पातीही बनवत. ती पोर्तुगीजांच्या जहाजांतून पश्चिम किनाऱ्यावर उतरली आणि इथे त्यांचे नाव पडले फिरंग. जर्मन पात्याच्या तलवारीला अलेमानी म्हणत. सभासद बखरीत प्रतापगडावर जिवा महालाजवळ पट्ट्याबरोबर फिरंगच आहे.

गंमत अशी की, पोलादात दख्खन कुणाच्या मागे नव्हते. तेलंगणातल्या कोनासमुद्रमचे पोलाद इराणात जात होते. १८२० च्या दशकात हेन्री व्हॉयसी तिथे गेला तेव्हा पोलाद खरेदीसाठी आलेला इस्फहानचा व्यापारी त्याला भेटला. मग बाहेरची पाती कशाला? सर टॉमस रो याच्याकडे असलेला पाद्री एडवर्ड टेरी याने १६१६ नंतरच्या आपल्या वास्तव्याबद्दल लिहून ठेवले आहे की इथल्या तलवारी वाकण्याऐवजी तुटतात, म्हणून वाकून पुन्हा सरळ होणाऱ्या इंग्रजी पात्यांना इथे भारी किंमत येते. टेरी आपल्या मालाची तारीफ करत होता हे खरे, पण गिऱ्हाईक होते हेही खरे.

पाते आले तरी तलवार व्हायची होती. ते काम इथल्या कारागिराचे. आपल्या वाकड्या तलवारीत पात्याची आखूड शेपटी पोकळ मुठीत घालून तापलेल्या लाखेने पक्की करतात. लांब, जड फिरंगेला नुसती लाख पुरत नाही. म्हणून मुठीतून दोन पोलादी पट्ट्या पात्याच्या दोन्ही अंगांनी खाली उतरवल्या जात, पाते त्यांच्या मध्ये धरून आरपार रिवेट मारले जात. बोटांवर रुंद परज, आत कापडाची गादी. मागची खुंटी दोन हातांनी वार करताना दुसऱ्या हाताला धरायला, आणि एरवी उभ्या तलवारीवर पंजा टेकायला. शेवटी कोफ्तगर येई. तो पोलादावर बारीक आडव्या-उभ्या रेघा ओरखडून त्यांत सोन्या-चांदीची तार ठोकून बसवी. वेल, फुले, कधी कुराणातली आयत, कधी देवतेची आकृती. मूठ ज्याच्या कमरेला जायची त्याप्रमाणे.

आता वाकडी-सरळची गोष्ट. विजापूरच्या आदिलशाही चित्रांत अमीर लांब सरळ तलवारी बाळगून उभे आहेत. आमच्या किल्ल्यात १६१३ साली पाणीमहाल बांधला गेला तो दुसऱ्या इब्राहिम आदिलशाहच्या राज्यात. त्याच्या दरबारातली ही शस्त्रे. १५१० मध्ये आदिलशाहीकडून गोवा घेणारे पोर्तुगीज, १५७०–७१ मध्ये गोव्याला वेढा घालणारा पहिला अली आदिलशाह, आणि तरी पाती येतच राहिली. मराठ्यांकडेही तीच आली. कोल्हापूरच्या छत्रपतींनी १८७५–७६ च्या दौऱ्यात ब्रिटिश युवराजाला दिलेली, शिवाजी महाराजांची म्हणून नोंदलेली तलवार आज इंग्लंडच्या राजसंग्रहात आहे. तिचे सरळ पाते युरोपातले आहे, त्यावर ख्रिस्ताच्या नावाची लॅटिन अक्षरे उमटवलेली आहेत. मूठ इथली. ज्या भवानीने महाराजांना तलवार दिली अशी श्रद्धा आहे, तिचे तुळजापूर हाच आमचा तालुका. हे सगळे इतके जवळजवळ असताना तलवारीचा धर्म तिच्या बाकावरून कुणी ठरवायला लागले की मला त्या मित्राची नाही, त्याला हे न सांगणाऱ्या पुस्तकांची तक्रार करावीशी वाटते.

दातेरी चंद्रकोरींचा उलगडाही झाला. ती इटलीतल्या पात्यांवरची खूण. पण तिला इतका मान होता की इथल्या लोहारांनीही ती उठवली. त्यामुळे आमचे पाते कुठले, ते खुणेवरून ठरत नाही.

गेल्या बकरीदीला सुऱ्यांना धार लावायला शिकलगार आला होता. या लोकांचे पूर्वज तलवारींना पाणी देत, पॉलिश करत. आता हा मोटारसायकलच्या मागच्या चाकावर पट्टा चढवून दगड फिरवतो. मी आतून म्यान आणून त्याच्या हातात दिले. त्याने आधी वजन तोलले, मग तोंडाकडून मोबाइलचा उजेड आत टाकला, करंगळी घालून लाकडाची झीज चाचपली. मी विचारले, पाते बारीक असेल का, टोचायचे?

"पतली नै थी मामू, चौडी थी. ढाई उंगल," तो म्हणाला. "और इधर की धार ज्यादा चली है, लकडी देखो कैसी खाई है."

त्याने म्यान परत दिले आणि सुऱ्यांचे ऐंशी रुपये मागितले.