सर टॉमस मॅलरी : एका इंग्रज नाइटाचा वंश व त्याचे कागद

१. प्रश्नाचें स्वरूप

राजा आर्थर व त्याचे वीर यांच्या कथांचा जो गद्य ग्रंथ इंग्लंडांत सर्वमान्य झाला, तो 'ल मोर्त दार्थर' या नांवानें प्रसिद्ध आहे. विल्यम कॅक्स्टन या मुद्रकानें तो ३१ जुलै १४८५ रोजीं छापून पुरा केला. ग्रंथाच्या समाप्तिलेखांत कर्त्यानें स्वतःविषयीं फार थोडें सांगितलें आहे. नांव टॉमस मॅलरी, पदवी नाइट, ग्रंथसमाप्ति चवथ्या एडवर्डच्या कारकीर्दीच्या नवव्या वर्षीं, आणि आपली सुटका व्हावी म्हणून वाचकांनीं देवाची प्रार्थना करावी ही विनंति. बापाचें नांव नाहीं, गांव नाहीं, कुळाचा उल्लेख नाहीं. एवढ्या आधारावर हा पुरुष कोण, कोणत्या वंशांतला, हें ठरवावयाचें आहे. इंग्लंडांतील सरकारी दप्तरें पुष्कळ अंशीं शाबूत असल्यामुळें हा शोध शक्य झाला; तो कोणत्या क्रमानें झाला व त्यांतून कितपत निश्चिति लाभते, हें दाखविण्याचा आमचा हेतु आहे.

२. कालगणनेविषयीं दोन सूचना

एडवर्डची कारकीर्द ४ मार्च १४६१ रोजीं सुरू झाली. तेव्हां तिचें नववें वर्ष ४ मार्च १४६९ पासून ३ मार्च १४७० पर्यंत येतें. राज्याभिषेक शकाचीं पत्रें ज्यांनीं हाताळलीं आहेत, त्यांस राजवर्षाचा हा हिशेब नवा नाहीं. दुसरी गोष्ट अधिक फसवी आहे. त्या काळीं इंग्लंडांत सालाचा आंकडा २५ मार्च रोजीं बदले. म्हणून जुन्या कागदांत १४ मार्च १४७० असें असल्यास तें आपल्या गणनेनें १४७१ साल होय. हा भेद न पाळल्यास मृत्यूचें वर्ष एकानें चुकतें.

३. एकाच नांवाचे अनेक पुरुष

मॅलरी कुळाच्या शाखा लेस्टरशायर, नॉर्थॅम्प्टनशायर, वॉरिकशायर, यॉर्कशायर अशा अनेक परगण्यांत पसरल्या होत्या, आणि टॉमस हें नांव तर घरोघर होतें. सोळाव्या शतकांत जॉन बेल यानें ग्रंथकार वेल्सचा होता असें लिहून ठेविलें. पण त्यास आधार केवळ स्थलनामाच्या साम्याचा. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकांत अमेरिकन पंडित जॉर्ज लायमन किट्रेज यांनीं वॉरिकशायरांतील न्यूबोल्ड रेव्हेल येथील सर टॉमस मॅलरी पुढें आणला. त्याच सुमारास ए. टी. मार्टिन यांनीं पॅपवर्थ सेंट ॲग्नेस येथील टॉमस मॅलरीचें नांव सुचविलें. पुढें १९६६ मध्यें विल्यम मॅथ्यूज यांनीं यॉर्कशायरांतील हटन कॉनियर्स येथील तिसरा टॉमस उभा केला.

येथें पदवीचा मुद्दा निर्णायक ठरतो. नाइट ही पदवी वंशपरंपरेनें येत नसे. ती ज्याच्या त्याला मिळवावी लागे. तीहून खालची पायरी एस्क्वायरची. तत्कालीन लेखक या भेदाविषयीं अतिशय काटेकोर असत, कारण न्यायालयीन कागदांत पदवी चुकली तर दावाच फेटाळला जाण्याचा संभव असे. पॅपवर्थच्या टॉमसाचें मृत्युपत्र १४६९ चें आहे. त्यांत त्यास नाइट म्हटलेलें नाहीं. हटन कॉनियर्सच्या टॉमसास नाइट म्हणणारा कागद नाहीं, तो बंदींत होता असें सांगणाराहि नाहीं. न्यूबोल्ड रेव्हेलचा टॉमस मात्र नाइटहि होता आणि बंदीहि होता.

४. न्यूबोल्ड रेव्हेलचें घराणें

रेव्हेल घराण्याच्या वारस कन्येशीं झालेल्या विवाहानें हें ठाणें मॅलरींकडे आलें. टॉमसाचा बाप जॉन मॅलरी हा परगण्यांतील वजनदार गृहस्थ. तो शेरीफ होता व पार्लमेंटांत वॉरिकशायरतर्फें अनेक वेळां निवडून गेला. आई फिलिपा ही चेटविंड घराण्यांतली. टॉमसाचा पहिला निःसंशय उल्लेख १४३९ चा आहे. मातुल कुळांतील सर फिलिप चेटविंड याच्या एका व्यवहारपत्रावर तो साक्षीदार आहे, आणि तेथें तो एस्क्वायर आहे. १४४१ च्या कागदांत तो नाइट झालेला दिसतो. १४४५ मध्यें तो पार्लमेंटाचा सभासद होता. त्याची बायको एलिझाबेथ वॉल्श, मुलगा रॉबर्ट, नातू निकोलस. एलिझाबेथ १४७९ मध्यें वारली, तेव्हां वारस म्हणून अल्पवयी निकोलसाचें नांव येतें. यावरून रॉबर्ट आईच्या आधींच निवर्तला हें उघड होतें.

५. कॅलेचा उल्लेख

या वंशावळींत एक अडचण आहे. विल्यम डग्डेल यानें १६५६ मध्यें प्रसिद्ध केलेल्या वॉरिकशायरच्या इतिहासांत असें म्हटलें आहे कीं, हा टॉमस पांचव्या हेन्रीच्या कारकीर्दींत वॉरिकचा अर्ल रिचर्ड बोशां याच्या पथकांतून कॅले येथें होता. हें १४१४ च्या सुमाराचें मानल्यास त्याचा जन्म १४०० पूर्वींचा धरावा लागतो, व ग्रंथसमाप्तीच्या वेळीं तो सत्तरी उलटलेला ठरतो. मॅथ्यूज यांचा न्यूबोल्ड रेव्हेलविरुद्ध मोठा आक्षेप हाच.

आमच्या मतें आक्षेपाचा रोख भलत्याच ठिकाणीं आहे. डग्डेल हा घटनेनंतर दोनशें चाळीस वर्षांनीं लिहीत होता. त्याच्यासमोर पथकाची यादी होती असें मानलें, तरी तींतील टॉमस मॅलरी न्यूबोल्ड रेव्हेलचाच होता हें अनुमान त्याचें स्वतःचें. बाप जॉन अधिकारपदांवर असतां वडील मुलगा वयाच्या चाळिशीपर्यंत कोणत्याच समकालीन कागदांत येऊं नये, आणि १४३९ पासून मात्र एकसारखा येऊं लागावा, हें असंभवनीय दिसतें. कॅलेचा टॉमस निराळा होता, असें पी. जे. सी. फील्ड यांनीं १९९३ च्या चरित्रग्रंथांत प्रतिपादिलें व जन्म १४१५ ते १४१८ च्या दरम्यान धरला. तें आम्हांस ग्राह्य वाटतें. सापडलेल्या प्रत्येक समाननामकास एकाच पुरुषाच्या चरित्रांत कोंबण्याचा मोह आपल्याकडील वंशावळींतहि पुष्कळदां दिसतो. आजाचें नांव नातवास ठेवण्याच्या चालीमुळें तेथें तर हा धोका दुप्पट असतो.

६. बंदिवासाचे पुरावे

१९२८ मध्यें एडवर्ड हिक्स यांनीं २३ ऑगस्ट १४५१ रोजीं नन्ईटन येथें झालेल्या चौकशीचे कागद उजेडांत आणले. बकिंगहॅमच्या ड्यूकवर दबा धरणें, कूम्ब येथील मठ लुटणें, गुरें पळविणें, खंडणी उकळणें व बलात्कार असे आरोप त्यांत आहेत. कोल्सहिल येथील कैदेंतून तो खंदक पोहून निसटला होता. पुढें वर्षानुवर्षें तो लंडनच्या तुरुंगांत होता. पण खटल्याची सुनावणी कधींच झाली नाहीं. १४६२ मध्यें त्यास माफी मिळाली, आणि त्याच हिंवाळ्यांत एडवर्डच्या उत्तरेकडील मोहिमेंत त्याचें नांव आढळतें. १४६८ व १४७० च्या सार्वत्रिक माफीपत्रांतून मात्र त्यास नांवानिशीं वगळलें आहे.

हस्तलिखित-संग्राहकांस पुढील भाग विशेष महत्त्वाचा वाटेल. १९३४ मध्यें विंचेस्टर कॉलेजांत वॉल्टर ओकशॉट यांस या ग्रंथाची हस्तलिखित पोथी सांपडली. पहिलीं व शेवटचीं पानें गेलेलीं. परंतु पहिल्या कथेच्या अखेरीस कर्ता स्वतःस 'बंदिवान नाइट' म्हणवितो, व हा मजकूर कॅक्स्टनच्या छापील प्रतींत नाहीं. पोथी १९७६ पासून ब्रिटिश लायब्ररीच्या संग्रहांत आहे. तिच्या पानांवर कॅक्स्टनच्या खिळ्यांच्या शाईचे पुसट ठसे उमटले असल्याचें लोटे हेलिंगा यांनीं दाखविलें. म्हणजे ती कांहीं काळ त्याच्या छापखान्यांतच होती. तरीहि छपाईंत तें वाक्य आलें नाहीं. छापील ग्रंथ मिळाला म्हणजे पोथीचें काम संपलें, असें मानणारांनीं हें उदाहरण ध्यानांत ठेवावें.

अगदीं अलीकडे ॲन सटन यांनीं एप्रिल १४६९ चा एक कागद प्रसिद्ध केला. न्यूगेट तुरुंगांतील एका मरणोन्मुख कैद्याच्या निवेदनास सर टॉमस मॅलरी तेथें साक्षीदार आहे. ही तारीख राजवर्षाच्या हिशेबांत चपखल बसते. शेवटीं, न्यूगेटजवळच्या ग्रेफ्रायर्स मठाच्या दफन-नोंदवहींत वॉरिकशायरांतील मंक्स कर्बी पॅरिशच्या टॉमस मॅलरी नाइटाची नोंद आहे. न्यूबोल्ड रेव्हेल याच पॅरिशांत मोडतें. मृत्यूची तिथि १४ मार्च १४७०, म्हणजे आपली १४७१.

७. निष्कर्ष

मॅथ्यूज यांचा दुसरा आक्षेप भाषेचा: ग्रंथांत उत्तरेकडील रूपें आहेत. पण ग्रंथकारानें वापरलेल्या आधारांपैकीं एक काव्य उत्तरेकडचें होतें, व पोथी दोन लेखकांच्या हातची आहे; तेव्हां या रूपांवरून कर्त्याचें जन्मस्थान ठरत नाहीं. तिसरा आक्षेप शीलाचा: इतक्या उदात्त वीरधर्माचा ग्रंथ असा आरोपी कसा लिहील? यावर आमचें म्हणणें असें कीं, ग्रंथाच्या गुणावरून कर्त्याचें शील काढणें हा पुरावा नव्हे. उलट, नन्ईटनच्या न्यायासनावर स्वतः बकिंगहॅमचा ड्यूक बसला होता, म्हणजे फिर्यादीच न्यायाधीश झाला होता. आणि आरोप कधींच तपासले गेले नाहींत. म्हणून त्यास दोषी ठरविण्याचा अधिकार आपणांस नाहीं, निर्दोष ठरविण्याचाहि नाहीं. विशेषतः ज्या स्त्रीच्या संबंधानें बलात्काराचा आरोप आहे, तिची बाजू, ग्रंथ थोर आहे एवढ्यावरून झटकून टाकणें न्यायाचें होणार नाहीं.

बाप, आई, पत्नी, नातू आणि पॅरिश हे दुवे समकालीन कागदांनीं सिद्ध आहेत. कॅलेची नोकरी या टॉमसाच्या चरित्रांतून गाळावी. ग्रंथकार तोच, हें अनुमान आहे. पण नाइट, बंदी आणि १४६९ हीं तिन्ही लक्षणें ज्ञात मॅलरींपैकीं या एकाच पुरुषाच्या ठायीं एकत्र येतात, म्हणून तें बळकट आहे. पदवीसहित व बंदिवासासहित दुसरा टॉमस कोणी कागदानिशीं दाखवीपर्यंत न्यूबोल्ड रेव्हेलचाच हक्क आम्ही मान्य करतों.