उडत्या मोटारींचे दोन प्रयोग

मोटारीस पंख लावून आकाशात न्यावे, ही हौस अमेरिकेत अनेकांस जडली. मोल्टन टेलर यांची ‘एरोकार’ १९४९ साली उडाली व १९५६ साली तिला सरकारी मान्यता मिळाली. तिचे पंख व शेपूट घडी करून गाडीमागे ओढून नेता येत. टेलर यांनी मोटारही स्वतःच आखली होती, हे ध्यानात घेण्याजोगे आहे.

कॅलिफोर्नियातील हेन्री स्मोलिन्स्की या अभियंत्याने मात्र सोपा मार्ग धरिला. फोर्डच्या तयार पिंटो मोटारीस त्याने सेसना विमानाचे पंख, शेपूट व मागील इंजिन जोडिले, आणि नाव ठेविले ‘मिझार’. दि. २६ ऑगस्ट १९७३ रोजी चाचणीत उड्डाण घेतानाच उजव्या पंखाच्या आधारदांड्याची बैठक निकामी झाली. वैमानिकाने वळण न घेता समोरच्या शेतात यान उतरविले, आणि नवल असे की, तेथून ते मोटारीप्रमाणे चालवीत विमानतळावर परत आणिले! एवढा इशारा पुरेसा नव्हता काय? अवघ्या सोळा दिवसांनी, ११ सप्टेंबर रोजी, स्मोलिन्स्की स्वतः सहकारी हॅरोल्ड ब्लेक यांसह उडाले. उजवा आधारदांडा मोटारीपासून सुटला व दोघेही प्राणास मुकले. चौकशीत वेल्डिंग सदोष आढळले.

एरोकारीही सहाच झाल्या. त्यांपैकी एक सिएटल येथील संग्रहालयात आहे.