सरळ केलेला फोर्क

दुचाकीचा वाकलेला फोर्क सरळ करण्याचा धंदा गरिबीतून आला, असं सरसकट म्हटलं जातं. ते अर्धंच पटतं; उरलेलं अर्धं कारण गाड्यांमध्येच आहे. तेलावर चालणारा टेलिस्कोपिक फोर्क बीएमडब्ल्यूने 1935 मध्ये बाजारात आणला. आपल्याकडे पुढे मद्रासची बुलेट आणि म्हैसूरची जावा रुळली. परवाना राजमुळे मॉडेलं दशकानुदशकं जवळपास तीच राहिली, म्हणून एका गाडीच्या फोर्कचा पाइप तशाच दुसरीला बसे, आणि मिस्त्रीचा हातही त्याच मापावर तयार होई. पाइप व्ही-ब्लॉकवर फिरवायचा, डायलच्या काट्यावर बाक हेरायचा, प्रेसखाली दाबायचा. पोलाद उसळी घेतं, म्हणून दाब किंचित जास्तच.

असा पाइप धोक्याचा, हा आक्षेप खोटा नाही. सुरकुती पडलेला, तडकलेला किंवा गॅसवर तापवलेला पाइप भंगारातच जायला हवा. पण थोडासा बाक थंडच काढता येतो. क्रोम खरवडलं असेल तर मात्र ग्राइंडिंग आणि हार्ड क्रोमचा खर्च टाळू नये. नुसतं नवं ऑइल सील घालणं ही खोटी काटकसर, ते पुन्हा गळणारच. 1985 च्या सुमारास हिरो होंडासारख्या गाड्या आल्या, पुढे मॉडेलं भराभर बदलू लागली. गिऱ्हाइकाचा खिसा तेवढाच राहिला, जुळणारा जुना पाइप मिळणं मात्र अवघड झालं.