तेरचें तांबें

धाराशिव जिल्ह्यांत बालाघाटच्या एका माळावर एक जुना खड्डा आहे. तेथील लोक त्यास ‘तांब्याची खाण’ म्हणतात. तो खणला जाण्यास कांहीं अंशीं मी कारण झालों. तेव्हां त्याची हकीकत मींच सांगितलेली बरी.

शिक्षकाच्या नोकरीचीं तीं माझीं पहिलीं वर्षें होतीं. एका विद्यार्थ्यानें विहिरीच्या खोदाईंत निघालेला काळा दगड शाळेंत आणला. जुन्या तांब्यावर जंगाल चढतो, तसला हिरवा थर त्याच्या पोकळींत होता. “गुरुजी, हें तांबें असेल काय?” नीट विचार न करतां मी “असूं शकेल” म्हणून गेलों. गुरुजींचा शब्द त्या घरांत प्रमाण! पुढल्या उन्हाळ्यांत मुलाच्या वडिलांनीं बैलजोडी विकली आणि माळावर खणती लावली. दोन पुरुष खोल गेल्यावर अखंड काळा पाषाण लागला व काम थांबलें. बैल कांहीं परत आले नाहींत.

तो हिरवा थर तांब्याचा नव्हता. आपला हा सारा मुलूख सुमारें साडेसहा कोटी वर्षांपूर्वीं ज्वालामुखीच्या रसानें घडलेला. रस थिजतांना आंतील वायूमुळें पोकळ्या राहिल्या, आणि मागाहून पाझरलेल्या पाण्यानें त्यांत गारगोट्या व हिरवी माती सांठविली. या मातीस शास्त्रज्ञ सेलाडोनाइट म्हणतात. तिच्यांत लोह असतें, तांबें नव्हे. खाण चालावी इतकें तांबें आपल्या या थरांत नाहीं. त्यासाठीं पार पूर्वेस, चंद्रपूर जिल्ह्यांतील ठाणेवासना येथील खडकांसारख्या अधिक प्राचीन खडकांकडे जावें लागतें.

हें मला पुष्कळ उशिरां कळलें. पण त्यांतूनच एक प्रश्न मनांत घर करून राहिला. या जिल्ह्यांत तांबें नाहीं, तर तेरच्या पांढरीच्या मातींत तांब्याचीं नाणीं कशीं सांपडतात?

तेरणेच्या कांठचें तेर आपण गोरोबाकाकांचें गांव म्हणून ओळखतों. कुंभाराला माती गांवचीच मिळाली. तांबटाला मात्र धातु दुरून आणावा लागे. हेंच गांव म्हणजे प्राचीन तगर, असें फ्लीट या विद्वानानें १९०१ सालीं साधार मांडलें. तोंवर कोणी दौलताबादला, कोणी जुन्नरला, तर कोणी धारूरला तगराच्या जागीं बसवीत असे.

इसवी सनाच्या पहिल्या शतकांत एका ग्रीक भाषिक लेखकानें तांबड्या समुद्रापासून हिंदुस्थानापर्यंतच्या बंदरांची माहिती लिहून ठेविली. त्याचें नांव राहिलें नाहीं, पण पुस्तक ‘पेरिप्लस’ म्हणून प्रसिद्ध आहे. भडोचपासून दक्षिणेस वीस दिवसांच्या वाटेवर पैठण, आणि पैठणच्या पूर्वेस दहा दिवसांवर तगर, असें तो सांगतो. तगराहून पुष्कळसें साधें कापड आणि नाना तऱ्हेची मलमल गाड्यांतून, धड रस्ते नसलेल्या मुलुखांतून, भडोचला जाई. आणि त्याच भडोचला उतरणाऱ्या मालाच्या यादींत मद्य व पोंवळीं यांच्याबरोबर तांबें, कथील आणि शिसें हेही आहेत. सातवाहनांनीं शिशाचीं व तांब्याचीं नाणीं मुबलक पाडलीं, हें ध्यानांत घेतलें म्हणजे या यादीचें महत्त्व कळतें.

येथेंही घाई करूं नये. घाईचें फळ मीं एकदां पाहिलें आहे. त्याच पुस्तकांत, भडोचहून इराणच्या आखातांतील बंदरांकडे तांबें जात असे, असेंही लिहिलें आहे. बाहेरून आलेलेंच तांबें पुढें पाठवीत, कीं राजस्थानांतील खाणींचें तांबें भडोचला येई? खेतडीच्या डोंगरांत जुन्या खोदाया व धातुमळीचे ढीग आहेत. गणेश्वर येथें तर इसवी सनापूर्वींच्या तिसऱ्या सहस्रकांतील तांब्याचीं शेंकडों हत्यारें सांपडलीं. तेव्हां तेरच्या एखाद्या नाण्यांतील तांबें समुद्रापलीकडून आलें कीं अरवलीहून, तें नाणें नुसतें हातांत धरून सांगतां येत नाहीं. माझें मत इतकेंच कीं, तें तगराच्या मागावर विणलेल्या कापडाच्या मोबदल्यांत आलें.

पुढें तो व्यापार ओसरला. भडोचची वाट मोडली. तगराचें नांव मात्र तांब्यावरच टिकलें. दुसऱ्या पुलकेशीच्या इ. स. ६१२ च्या ताम्रपटांत दान घेणारा तगरचा रहिवासी आहे. कोंकणचे आणि कोल्हापूरचे शिलाहार स्वतःस ‘तगरपुरवराधीश्वर’ म्हणवीत. राज्य समुद्रकांठीं आणि अभिमान तेरणाकांठचा!

तेर येथें १९५८ सालीं उत्खनन झालें. रामलिंगप्पा लामतुरे यांनीं मोठ्या चिकाटीनें जमविलेल्या प्राचीन वस्तूंचें संग्रहालय आज गांवांतच आहे. माझा तो विद्यार्थी आतां नातवंडांचा धनी झाला आहे. गेल्या वर्षीं मीं त्यास तेथें नेलें. कांचेच्या कपाटांतील नाण्यांपाशीं तो बराच वेळ थांबला.

“गुरुजी, हा हिरवा रंग खरा काय?”

“हा खरा,” मी म्हणालों.

त्यानें मान हलविली आणि परतीची एस. टी. किती वाजतां आहे, तें विचारलें. बैलजोडीचा विषय त्यानें काढला नाहीं. मींही काढला नाहीं.